गाडीनं किती नवतपे पाहिले?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही नागपुरात मनीषनगरला राहता, नोकरी बुटीबोरीला, रोजचे जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली डिसेंबर २०२२ ची टोयोटा हायरायडर स्ट्राँग हायब्रिड, एकहाती, रनिंग १ लाख ४२ हजार. मालक समृद्धीवरून दर आठवड्याला संभाजीनगरला जात होता आणि आता साडेदहा लाख मागतो. दुसरी २०१४ ची कॅमरी हायब्रिड, शंकरनगरच्या एका निवृत्त काकांची, रनिंग फक्त ७८ हजार, भाव साडेसहा लाख. ऑफिसातले म्हणतात, दीड लाखाला टेकलेली हायब्रिड म्हणजे बॅटरी मेलेली, तिकडे पाहूही नका. घरचे म्हणतात, कॅमरी घ्या, मोठी गाडी आहे आणि "चाललीच नाही".

मी चोवीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. गेली नऊ-दहा वर्षं हायब्रिडवरही हात आहे, आणि महिन्याला चार-पाच जुन्या गाड्या लोकांसाठी पाहून देतो. तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या गाडीच्या मागे लागलो असतो आणि कॅमरी सोडली असती. पण पहिली गाडी "घ्याच" असं मी आज म्हणत नाही. ते दोन-तीन कागदांवर आणि दोन फेऱ्यांवर अवलंबून आहे.

लोक जुनी गाडी पाहताना आधी मीटर पाहतात, कारण साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत तो बऱ्यापैकी खरं बोलतो. क्लच, बेल्ट, स्टार्टर, अल्टरनेटर, गिअरबॉक्स, सगळं किलोमीटरनं झिजतं. तुमच्या हायरायडरमध्ये क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, एसीचा कॉम्प्रेसर फिरवणारा बेल्टही नाही. गिअरबॉक्सच्या जागी दोन मोटर आणि एक ग्रहमाला गिअरसेट, जो तेलात बुडून फिरत असतो आणि फारसा त्रास देत नाही. म्हणजे रनिंगनं झिजणारे निम्मे भाग या गाडीत नाहीतच. महाग भाग एकच, मोठी बॅटरी, आणि तिच्यासोबत इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणारी पेटी. मग विचारायचं ते हे की ही बॅटरी कशानं म्हातारी होते, आणि ती गेली तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार.

एक गोष्ट आधी उरकून टाकतो. "हायब्रिड" हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात. सियाझ-अर्टिगावर "स्मार्ट हायब्रिड" लिहिलेलं असायचं, ते माइल्ड हायब्रिड. तिथं मोटर इंजिनाला फक्त हात लावते. स्ट्राँगमध्ये मोटर थोडा वेळ एकटीही गाडी ओढते. हायरायडरही दोन्ही प्रकारांत येते आणि बाहेरून जवळपास सारखीच दिसते. गिअरच्या कांडीजवळ ईव्ही मोडचं बटण आहे का, आणि आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय, एवढं पाहा. तुम्ही फोटोत पाठवलेल्या डॅशबोर्डवर चाकं आणि बॅटरी यांच्यामध्ये वीज वाहताना दिसते, म्हणून मी ती स्ट्राँग धरून चालतो.

आता बॅटरी. या गाडीतली लिथियम बॅटरी १७७.६ व्होल्टची आहे आणि तिच्यात वीज मावते ०.७६ युनिट. पाऊण युनिट! घरचा दीड टनाचा एसी तेवढी वीज अर्ध्या-पाऊण तासात खातो. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत तीस-चाळीस युनिटं असतात. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीबद्दल ऐकलेल्या गोष्टी इथं जशाच्या तशा लावू नका. ही बॅटरी साठवणुकीची कोठी नाही, उंबरठा आहे. वीज आली की गेली. ब्रेक दाबला की भरते, सिग्नलवरून निघताना रिकामी होते. गाडीचा कॉम्प्युटर तिला कधी पूर्ण भरू देत नाही, कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही, मधल्या पट्ट्यात खेळवतो. म्हणूनच रनिंगनं ती लवकर मरत नाही.

तिला मारतं ते ऊन आणि वय. बॅटरीवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली रासायनिक झीज जवळपास दुपटीवर जाते. आता आपलं गाव पाहा. मे महिन्यात ४५-४६ अंश ही आपल्याकडे बातमीसुद्धा नसते. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या आत ५६ अंश केव्हाच पार होतात, तिथं सेन्सर बिघडायची गरज नाही. आणि हायब्रिडची बॅटरी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली नाहीतर डिक्कीच्या तळाशी बसते, म्हणजे त्याच भट्टीत. म्हणून मी जुनी हायब्रिड पाहताना मीटरच्या आधी मोजतो की या गाडीनं किती नवतपे, म्हणजे मे अखेरीचे ते नऊ भाजणारे दिवस, पाहिले, आणि सावलीत पाहिले की उन्हात. हायरायडरनं तीन पाहिलेत. कॅमरीनं बारा.

हे मी पैसे मोजून शिकलो आहे, माझे नाही, गिऱ्हाइकाचे, त्यामुळे जास्त लागलं. सात वर्षांपूर्वी एका ओळखीच्या शिक्षकांना मी एक जुनी हायब्रिड सेडान घ्यायला लावली. कोणत्या कंपनीची ते सोडा. रनिंग ६० हजारांच्या आसपास, आतून नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. मी इंजिन ऐकलं, खालून पाहिली, स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. "घ्या सर, डोळे मिटून घ्या," म्हणालो. पुढच्याच मेमध्ये सरांचा फोन, "अहो, डॅशबोर्डवर लाल त्रिकोण आलाय आणि गाडी धाप लागल्यासारखी चालून राहिली." बॅटरी गेली होती. नंतर कळलं की आधीच्या मालकाचा मुलगा बाहेरदेशी, गाडी गच्चीखालच्या उघड्या पोर्चमध्ये पश्चिमेचं ऊन खात महिनोन्‌महिने उभी असायची, आणि विकायच्या आधी कोणीतरी कोड पुसून दिले होते. मी कोड आहेत का ते पाहिलं, पण ते कधी पुसले गेले ते पाहिलं नाही. स्कॅनरमध्ये एक ओळ असते, कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. त्या ओळीत चाळीस-पन्नास दिसले तर विकणाऱ्याला शांतपणे विचारायचं की भाऊ, गेल्या आठवड्यात काय पुसलं? तेव्हापासून मी ही ओळ सगळ्यात आधी वाचतो.

आता तुमच्या हायरायडरच्या १ लाख ४२ हजारांकडे येऊ. चाळीस महिन्यांत एवढे म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. आठवड्याला संभाजीनगरची एक फेरी धरली तर जाऊन-येऊन साडेआठशे-नऊशे, महिन्याला चार फेऱ्या, हिशेब बसतो. मालक खरं बोलतोय असं दिसतं, पण दिसण्यावर जाऊ नका. फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. बँकेच्या अॅपवरून ते निघतं आणि त्यात कोणत्या टोलवर कोणत्या दिवशी गाडी गेली ते सगळं येतं. जो माणूस फास्टॅगचं स्टेटमेंट बिनबोभाट देतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर मी जरा जास्त विश्वास ठेवतो.

समृद्धीचे किलोमीटर आणि शहरातले किलोमीटर यांत हायब्रिडच्या बाबतीत मोठा फरक आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शहरात, म्हणजे वर्धा रोडवर नाहीतर सीताबर्डीच्या गर्दीत, बॅटरी सतत भरते-रिकामी होते आणि इंजिन अर्धा वेळ बंद असतं. समृद्धीवर ११०-१२० नं गाडी चालवली की उलट होतं. इंजिन जवळपास सलग चालू, बॅटरी नुसती सोबतीला, आणि मागच्या सीटवर एसीची थंड हवा, जी बॅटरीचा पंखा आत ओढतो. त्यामुळे या गाडीत बॅटरीला कमी आणि इंजिनाला जास्त कष्ट झालेत. तुमच्या ऑफिसातले बॅटरीला घाबरतात, मला या गाडीत आधी इंजिन ऑइल पाहायचंय.

त्यासाठी एकच हिशेब. सर्व्हिस दर दहा हजारांना धरली तर १ लाख ४२ हजारांत चौदा सर्व्हिस व्हायला हव्यात. महिन्याला साडेतीन हजार चालणाऱ्या गाडीला म्हणजे दर तिसऱ्या महिन्याला. कामाच्या माणसाला हे जमत नाही, तो सहा महिन्यांनी जातो, आणि मध्ये तेच तेल वीस हजार चालतं. या इंजिनात पातळ तेल लागतं आणि ते तीन सिलिंडरचं आहे, वरून १२० चा वेग आणि मे महिन्याचा काँक्रीटचा रस्ता. गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून हिस्ट्री काढा; मालकाला सोबत न्या म्हणजे देतात. बारा-चौदा नोंदी असतील तर पुढे बोलू. सहा-सात असतील तर गाडी कितीही चकचकीत असो, मी तुम्हाला नमस्कार करून परत फिरा म्हणेन. त्याच हिस्ट्रीत इन्व्हर्टरचं कुलंट आणि बॅटरीच्या हवेच्या जाळीची सफाई यांची नोंद शोधा. इन्व्हर्टरला इंजिनापेक्षा वेगळं कुलंट असतं आणि ते बहुतेकांना माहीतच नसतं.

जाळीबद्दल दोन वाक्यं, कारण ती फुकटात तपासता येते. मागच्या सीटच्या आसपास एक छोटी जाळी असते, नेमकी कुठं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं आहे. बॅटरी त्या जाळीतून श्वास घेते. आपल्याकडची धूळ, कुत्र्याचे केस, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यावर ठेवलेल्या बॅगा-सतरंज्या यांनी ती बुजते. मोबाइलचा टॉर्च लावून पाहा. जाळी नमदा झालेली असेल तर त्या घरात बॅटरीची काळजी कोणी घेतली नाही, हे कळायला स्कॅनर लागत नाही.

वॉरंटीत मात्र किलोमीटर मोजावेच लागतात. या गाडीच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तेवढी वॉरंटी आहे. वर्षं भरपूर उरली आहेत, किलोमीटर १८ हजार. तुमचं रोजचं बुटीबोरी आणि अधूनमधून गावाला जाणं धरून वर्षाला १५ हजार होतात, म्हणजे चौदा महिने. आज एप्रिल संपतोय. म्हणजे या वर्षीचा नवतपा आणि पुढच्या वर्षीचा, दोन्ही वॉरंटीत निघतात. बॅटरीत मुळात खोट असेल तर दोन उन्हाळ्यांत ती बाहेर येण्याची शक्यता चांगली आहे. पण नाव बदलल्यावर वॉरंटी तुमच्याकडे येते का, आणि मध्ये सर्व्हिस चुकलेली असली तर ती शाबूत राहते का, हे सर्व्हिस सेंटरकडून लिहून घ्या. तोंडी "हो हो, येते सर" चालणार नाही. गाडीची बाकीची मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची, ती दोन्ही बाजूंनी संपलेली आहे. मालकानं वाढीव घेतली असेल तर तो कागद सोन्याचा.

नागपूरच्या गाडीला आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय मी टोकन देऊ देत नाही: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ही गाडी कुठं उभी होती? त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं काठ सोडले आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डी या भागांत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गाड्या छतापर्यंत बुडाल्या. साधी पेट्रोल गाडी बुडाली तर वायरिंगचा त्रास होतो, तो वर्षभरात समजतो. हायब्रिडमध्ये तळाशी बसलेल्या बॅटरीच्या पेटीत ओल शिरली तर तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवं चढत जातं आणि दोन-तीन वर्षांनी एका पावसाळ्यात गाडी उभी राहते. बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या, काही दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन परत आल्या.

हे तपासायचं कसं? पुढच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर भागावर मातीची रेघ असते. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का पाहा. डिक्कीतला गालिचा उचलून कोपऱ्यात बोट फिरवा. आणि सप्टेंबर २०२३ ज्या पॉलिसीत येतो ती आणि तिच्या पुढच्या वर्षीची, अशा दोन इन्शुरन्स पॉलिसी शेजारी ठेवा. एका वर्षी नो-क्लेम बोनस होता आणि पुढच्या वर्षी शून्य झाला, तर आधीच्या वर्षात क्लेम झाला होता. कशाचा, ते विचारा. तुमची कॅमरी शंकरनगरची आहे, म्हणून हे जरा लांबवून लिहिलं.

आणि एसीचं. विकणाऱ्याला सहज बोलता बोलता विचारा, "एसी छान आहे, गॅस कधी भरला?" स्ट्राँग हायब्रिडचा कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीच्या उच्च व्होल्टेजवर चालतो, त्यामुळे त्याच्यात विजेला अडवणारं खास तेल लागतं. साध्या गाडीत चालणारं तेल त्यात थोडं जरी गेलं तरी इन्सुलेशन उतरतं आणि गाडी वीजगळतीचा कोड देऊन रुसते. रस्त्यावरच्या एसीवाल्याकडे एकच मशीन, सगळ्या गाड्यांना तीच नळी. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. मालकानं गॅस भरताना काही पैसे वाचवले होते आणि नवा कॉम्प्रेसर घेताना सगळे परत केले, व्याजासकट. उत्तर "कंपनीत भरला" किंवा "कधीच नाही" असं आलं तर बरं.

स्कॅनरचं काम माहितगाराकडून करून घ्या. पण काय पाहायला सांगायचं ते तुम्हाला माहीत असावं: कोड पुसल्यानंतरचे किलोमीटर, बॅटरीचं तापमान, आणि बॅटरीच्या आतल्या सेलच्या व्होल्टेजमधला फरक, तोही गाडी उभी असताना नाही तर चढावर जोर देताना. उभ्या गाडीत सगळे सेल सज्जन असतात. जोर पडला की एखादाच मागं पडतो आणि दर वेळी तोच पडतो, तर तो आजारी. नारिंगी वायरीला, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या वायरीला, कोणी हात लावू नये, अगदी "मी पाहून देतो ना" म्हणणाऱ्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियननंही नाही. गाडी बंद केल्यावरही इन्व्हर्टरमध्ये काही वेळ जीव घेण्याइतकी वीज साठलेली असते.

कॅमरी का सोडायची, हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल. गाडी म्हणून ती हायरायडरच्या दोन पायऱ्या वर आहे, बसायला तर विचारूच नका, आणि तिची हायब्रिड यंत्रणा दणकट म्हणून नावाजलेली. तिची बॅटरी निकेलची, २४४.८ व्होल्टची, चौतीस छोट्या मॉड्यूलची मिळून बनलेली. बारा वर्षांत ७८ हजार म्हणजे महिन्याला साडेपाचशेही नाही. निकेलच्या बॅटरीला उभं राहणं सोसत नाही. ती बसल्या बसल्या हळूहळू रिकामी होते, आणि चौतीस मॉड्यूल चौतीस वेगवेगळ्या वेगानं. मग एक कमजोर होतं. ते बदललं की सहा महिन्यांत शेजारचं जातं. "एकच मॉड्यूल टाकलंय, आता टेन्शन नाही" असं कोणी सांगितलं तर टेन्शन तिथूनच सुरू होतं. त्यात बॅटरीची वॉरंटी केव्हाच संपलेली, ब्रेकची हायड्रॉलिक यंत्रणा महाग, गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, आणि तीन वर्षांनी पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे आणि ज्याला कॅमरीचा शौक आहे, त्यानं बॅटरीचा पूर्ण खर्च भावातून वजा करून ती जरूर घ्यावी. रोज आठ वाजता बुटीबोरीला हजेरी लावायची असेल त्यानं नाही.

पैशांचं बोलू. पेट्रोल १०५ रुपये धरा. तुमच्या वर्षाच्या १५ हजार किलोमीटरला साधी पेट्रोल एसयूव्ही १३ चं अॅव्हरेज देईल, म्हणजे साडेअकराशे लिटर. कंपनी या हायब्रिडला जवळपास २८ सांगते, ते विसरा. वर्धा रोडचा तुमचा रस्ता, एसी सतत चालू, जुनी गाडी, मी २१ धरतो, म्हणजे ७१५ लिटर. फरक वर्षाला ४६ हजारांच्या आसपास. चांगला आहे, पण या बचतीच्या भरवशावर साडेदहा लाख मोजावेत इतका नाही.

भाव ठरवताना मी असं करतो. सर्व्हिस सेंटरमधून नव्या बॅटरीचं कोटेशन लेखी घ्यायचं, मजुरी धरून. वॉरंटी संपलेल्या जुन्या गाडीत तो पूर्ण आकडा भावातून वजा. वॉरंटी थोडी उरलेल्या आणि चांगल्या ठेवलेल्या गाडीत निम्मा. समजा कोटेशन दोन लाखांचं आलं, तर एक लाख वजा. टायरवर छापलेला, तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष पाहा. समृद्धीवर चाललेले टायर मी बदलायचेच धरतो, कडेला रबर दिसत असलं तरी. टायर, बारा व्होल्टची छोटी बॅटरी, पुढचे शॉक-बुश आणि ब्रेकच्या पिना मोकळ्या करणं, सगळं मिळून पन्नास-साठ हजार. म्हणजे नऊ लाखांच्या आत गाडी यायला हवी. मालक म्हणेल, "इतक्या कमीत काहून देऊ?" त्याला सांगा की दीड लाख किलोमीटरला टेकलेल्या हायब्रिडला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि हे त्यालाही माहीत आहे. तुमच्या ऑफिसातल्यांची भीती इथं तुमच्या कामाला येते. फक्त लक्षात ठेवा की पुढे विकताना हीच भीती तुमच्या वाट्याला येईल. त्यामुळे पाच-सहा वर्षं वापरायचा विचार असेल तरच घ्या. दोन वर्षांत बदलायची असेल तर कमी चाललेली साधी पेट्रोल गाडी बरी.

कागदांचं तुम्हाला माहीतच असेल: कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत आणि आरसीवरून बोजा उतरलेला, मग नाव बदलायचे फॉर्म.

आता पाहायला जाताना दोनदा जा. पहिल्यांदा सकाळी साडेसहाला, आणि मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा, गार असायला हवं. बटण दाबल्यावर "रेडी" येतं, इंजिन लगेच येईलच असं नाही. आलं की पहिली दोन मिनिटं ऐका. सुरुवातीला खडखड, धक्के किंवा कुलंटचा गोडसर वास आला तर तिथंच थांबा. डिपस्टिक काढून तेल पाहा.

दुसऱ्यांदा दुपारी तीनला. गाडी तासभर उन्हात उभी करायला सांगा, मग एसी फुल करून निघा. विमानतळाकडच्या उड्डाणपुलावर चढताना जोर द्या, उतरताना पाय काढा, मग सिग्नलवर थांबा. मागच्या सीटवर बरोबरच्या माणसाला बसवा आणि पंख्याचा आवाज ऐकायला सांगा. तो वाढणारच, पण दहा मिनिटांनी शांत व्हायला हवा. डॅशबोर्डवर बॅटरीच्या काड्या पाहा. त्या सावकाश चढल्या-उतरल्या तर ठीक. एका चढावर भर्रकन खाली आणि उतारावर दोन मिनिटांत भर्रकन फुल, हे म्हाताऱ्या बॅटरीचं लक्षण, कारण भांडं लहान झालेलं असतं. सिग्नलवर गाडी एनमध्ये टाकू नका, डीमध्ये ब्रेकवर ठेवा. एनमध्ये मोठी बॅटरी भरत नाही, आणि एसी मात्र तिच्यावरच चालतो. मालक किंवा त्याचा ड्रायव्हर दर सिग्नलला सवयीनं एन टाकतो का, तेवढं बाजूला बसून पाहा.

काकांना नाही म्हणायला जाल तेव्हा एक निरोप द्या माझा. गाडी विकली जाईपर्यंत आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत, अर्धा-पाऊण तास फिरवून आणा म्हणावं, नुसती पोर्चमध्ये सुरू करून ठेवू नका. आणि मागच्या काचेखाली त्यांनी जाड टॉवेल अंथरलाय असं तुमच्या फोटोत दिसतंय. त्याखाली हवेची जाळी आहे का ते पुस्तिकेत पाहून, असेल तर तो टॉवेल आजच काढायला सांगा.